कमी होत गेलेला तडा

१

हार्लन किस्लर रोज सकाळी नऊ वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर काळी मखमल अंथरायचा. खिडकी उत्तरेला होती. तिथून येणारा उजेड दिवसभर सारखाच असायचा आणि चांदी बघायला असा उजेड लागतो. कॉफीचा कप तो लांब, भांडी धुवायच्या जागेजवळ ठेवायचा. हात धुऊन, कोरडे करून, भिंग डोळ्याला लावून बसला की दोन तास जगाशी त्याचा संबंध नसायचा.

पेनसिल्व्हेनियाच्या त्या भागात जुने अर्धे डॉलर गोळा करणारे आठ-दहा जण होते. त्यांना नाणं नुसतं जुनं असून भागत नसे. अठराशे सहा सालचं नाणं कुणाकडेही असेल, पण टांकसाळीतल्या कुठल्या दोन ठशांमध्ये दाबून ते निघालं, हे त्यांना हवं असायचं. वरचा एक ठसा, खालचा एक ठसा. त्या जोडीला हे लोक सरळ ‘लग्न’ म्हणायचे. काही लग्नं हजारो नाणी देऊन गेली. काहींमध्ये एका ठशाला लवकरच तडा गेला आणि पाच-सातच नाणी मागे उरली. असं एखादं हाती लागलं की माणसाला आठवडाभर झोप नसे.

व्हर्ना म्हणायची, “तुझ्या नाण्यांची लग्नं तुला तोंडपाठ. आपल्या लग्नाची तारीख सांग बघू.”

तो उत्तर द्यायचा नाही. तारीख त्याला माहीत होती, पण नाणं उघडं असताना तोंड उघडायचं नाही हा त्या लोकांचा पहिला नियम. थुंकीचा एक बारीक शिंतोडा उडाला तर चांदीवर कायमचा डाग पडतो. म्हणून हार्लन फक्त एक बोट वर करायचा. थांब, एवढंच. एक्केचाळीस वर्षं ती त्याच्या पाठीशी बोलत आली आणि एक्केचाळीस वर्षं त्याने बोट वर केलं.

एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये व्हर्ना गेली. तळघराच्या पायऱ्यांवर, बिटात मुरवलेल्या अंड्यांची बरणी आणायला गेली असताना. जायच्या आधी तिने हाक मारली होती, “हार्लन, जरा ये ना.” त्याने बोट वर केलं होतं. अकरा वाजता तो उठला, तेव्हा फार उशीर झाला होता.

जानेवारीत टपालाने ते नाणं आलं. ओहायोतल्या एका जुन्या गड्याचा संग्रह त्याच्या बायकोने विकायला काढला होता, त्यातलं. हार्लनने ते मखमलीवर ठेवलं आणि भिंग लावलं. अठराशे सहा, आणि जोडी अशी की जिची जगात सातच नाणी माहीत होती. हे आठवं. उजव्या काठावरून, एका ताऱ्यातून निघालेला तडा नाण्यावरच्या बाईच्या नाकावरून, गालावरून, केसांतून थेट डाव्या काठापर्यंत गेला होता. ठशाला चीर पडली की चांदी त्या चिरेत शिरते आणि नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते, तशी ती रेघ. ठसा मरायला टेकला असताना निघालेलं नाणं होतं ते. नक्षी सगळी बोथट, भातासारखी मऊ झालेली.

हार्लनने वहीत वर्तुळ काढून तडा जसाच्या तसा उतरवायला घेतला. तेवढ्यात पलीकडून, जणू गोधडीआडून, आवाज आला, “हार्लन, जरा ये ना.”

त्याने बोट वर केलं.

रेघ पुरी करून त्याने पेन्सिल खाली ठेवली, आणि मग त्याला कळलं की आपण कुणासाठी बोट वर केलं होतं. तो तळघराच्या दाराकडे धावला. पायऱ्या थंड, झाडलेल्या, रिकाम्या होत्या. तिथेच बसून तो पोरासारखा रडला.

२

रडून झाल्यावर माणूस शहाणा होतो, तसा तो झाला. घर जुनं होतं, थंडीत नळ वाजायचे, आणि एकट्या म्हाताऱ्याच्या कानावर कोण विश्वास ठेवणार? तीस वर्षं मोज्यांच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त केली होती त्याने. प्रत्येक आवाजाला कारण असतं, हे तो शिकाऊ पोरांना बजावत आला होता.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्याने नाणं काढलं. वही शेजारी उघडी होती. वहीत तडा डाव्या काठाला भिडला होता, नाण्यावर मात्र तो केसांतच संपत होता.

त्याने भिंग पुसलं. चष्मा पुसला. दुसरं भिंग आणलं. तडा केसांतच संपत होता.

त्याने क्लेटन मॉयरला फोन लावला. क्लेटन त्याच मंडळींतला, जीभ तिखट आणि मन लोण्याचं.

“क्लेटन, तडा मागे जातो का रे?”

“सकाळी काय घेतलंस? तडा वाढतो, लेका. ठशाचा वाढतो. नाण्यावरचा तर वाढतही नाही, आहे तिथे असतो.”

“माझं चित्र चुकलं असेल मग.”

“तुझं चित्र?” क्लेटन हसला, मग हळू आवाजात म्हणाला, “हार्लन, तू जेवतोस ना नीट? एक्केचाळीस वर्षांची सोबत गेली की हात थरथरतोच. येऊ का मी?”

“नको,” म्हणून त्याने फोन ठेवला आणि पुन्हा भिंग लावलं.

वरच्या मजल्यावर काठी टेकत कुणीतरी चाललं होतं. टक, पाऊल, टक, पाऊल. शेवटची दोन वर्षं व्हर्ना असंच चालायची. तो न हलता ऐकत राहिला. नाणं मखमलीवर पालथं घातल्याबरोबर चालणं थांबलं. सुलटं केलं, की पुन्हा टक.

३

त्यानंतर त्याने शहाणपणा सोडून दिला. खरं सांगायचं तर घाईघाईने सोडला.

रोज नऊ वाजता नाणं निघायचं आणि रोज तडा थोडा आखूड झालेला असायचा. काठीचा आवाज तिसऱ्या दिवशी गेला. चौथ्या दिवशी ती जिन्यावरून भरभर उतरली, गुडघे दुखायच्या आधी उतरायची तशी. पाचव्या दिवशी दुधाच्या माणसाशी भांडली. तो दूधवाला त्र्याऐंशी सालीच धंदा बंद करून फ्लोरिडाला गेला होता. हार्लनने बोटांवर हिशेब मांडला. दिवसाला तीन-चार वर्षं मागे.

आणि आवाज स्वच्छ होत चालला होता. पहिल्या दिवशी तो गोधडीआडून आल्यासारखा होता. आता शेजारच्या खोलीतून यावा तसा. हे हार्लनला अगदी बरोबर वाटलं. थकलेल्या ठशाची नाणी बोथट निघतात आणि कोऱ्या ठशाची धारदार. जितकं मागे जावं तितका केस न् केस मोजता येतो. त्या मंडळींतला प्रत्येक जण आपल्याजवळ आहे त्याहून आधीचं नाणं शोधत जन्म काढतो. हार्लनला वाटलं, तडा पुरता गेला की ती समोर उभी असेल, आणि आपण तिला उत्तर देऊ.

एवढंच हवं होतं त्याला. तिच्या एका हाकेला ओ द्यायची होती.

ती सतत काहीतरी विचारायची. “हार्लन, सूप करू की अंडी?” “हार्लन, पडदे कसे दिसतायत?” “हार्लन, ऐकतोयस का?” चाळीस वर्षांचे प्रश्न, एकेक करून परत येत होते. सहाव्या दिवशी तो उघड्या नाण्यावर पहिल्यांदा बोलला.

“सूप कर,” तो म्हणाला. “व्हर्ना, सूप कर. पडदे फार छान आहेत.”

तिच्या कानावर गेलं नाही. ती गुणगुणत परसात निघून गेली. त्याच्या ओठांतून उडालेला थेंब नाण्याच्या कडेशी पडला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्याची पर्वा नव्हती.

त्या दुपारी तो तिची काठी शोधू लागला. दाराआड असायची ती. नव्हती. औषधांच्या बाटल्यांचा खण रिकामा होता, चष्म्याचं घरही कुठे दिसेना. बहीण आली असेल आवरायला, त्याने स्वतःला समजावलं. मग त्याने वही उघडली. चौथ्या दिवसाखाली त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘तळ्यावरच्या बदकाची गोष्ट सांगून हसली.’

कुठलं तळं? कसलं बदक? काही केल्या आठवेना.

४

आठव्या दिवशी दुपारी क्लेटन न सांगता आला. कोंबडी घालून केलेल्या जाड शेवयांचं पातेलं फडक्यात बांधून आणलं होतं.

“बायकोने पाठवलंय. गरम आहे तोवर खा. तोंड बघ तुझं, उपाशी बोक्यासारखं झालंय.”

दोघं जेवायला बसले. मखमल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि नाणं पाकिटात. जेवता जेवता हार्लन म्हणाला, “व्हर्ना यात केशर जरा जास्त घालायची.”

“घालायची खरी.” क्लेटनने मान हलवली. “बघ, अजून आठवतं तुला. कधी गेली रे ती? अडुसष्टला ना?”

हार्लनचा चमचा थांबला. “ऑक्टोबरात गेली.”

“हो, ऑक्टोबरातच. अडुसष्टच्या. मीच खांदा दिला होता, पाऊस होता.” क्लेटनने पावाचा तुकडा मोडला. “सव्वीस वर्षं एकट्याने काढलीस, गड्या. दुसरं लग्न कर म्हणून माझी बायको तुझ्या किती मागे लागली!”

भिंतीवर लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा दोघांचा फोटो होता. हार्लनने वळून पाहिलं. तिथे खिळाही नव्हता, भिंतीच्या कागदावर फिकट चौकोनही नव्हता.

भीती त्याला तेव्हा वाटली. आधी आवाजांची वाटली नव्हती. ती मागे येत नव्हती. मागचं सगळं तिच्यासकट पुसलं जात होतं, जसं काही ते कधी छापलंच गेलं नव्हतं.

“दाखव ते नाणं,” क्लेटन म्हणाला. त्याने खिडकीशी जाऊन, तोंड घट्ट मिटून, खूप वेळ पाहिलं. पाकिटात परत घातल्यावरच बोलला. “पाकिटावर ओहायोवाल्याने लिहिलंय, तडा या काठापासून त्या काठापर्यंत. इथे तर नाकापुढे काही नाही.”

“रोज कमी होतोय.”

क्लेटन हसेल असं त्याला वाटलं होतं. क्लेटन हसला नाही. “मला दे ते. आत्ता. मी घरी नेतो, बँकेच्या तिजोरीत टाकतो. तू ते बघू नकोस.”

“उद्या देतो.”

“हार्लन.”

“उद्या, म्हटलं ना. आवाज आता इतका स्वच्छ आलाय, क्लेटन. तुला काय सांगू.”

क्लेटन पातेलं तिथेच ठेवून गेला. तेव्हा नाणं दिलं असतं तर अडुसष्टपर्यंतचा संसार तरी पदरात राहिला असता. पंधरा वर्षं. पुष्कळांना तेवढीही मिळत नाहीत. हार्लनलाही हे कळत होतं, आणि तरी त्याने दिलं नाही. हातातल्यापेक्षा आधीचं नाणं दिसत असताना त्या मंडळींतला कुणी कधी थांबलाय?

५

अकराव्या दिवशी तडा काठ आणि तारा यांच्यामध्ये, पापणीच्या केसाएवढा उरला. नाणं कालच टांकसाळीतून निघाल्यासारखं लखलखत होतं. बाईच्या बटा मोजता येत होत्या.

व्हर्ना माजघरात मेज हलवत होती. नवं लग्न झालं तेव्हा ती रोज सामानाची जागा बदलायची.

“हार्लन, हे इथे बरं दिसतं का?”

“फार बरं दिसतं,” तो म्हणाला.

मेज ओढायचा आवाज थांबला. ती कान देऊन उभी होती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

“कोण आहे?” ती हळूच म्हणाली.

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला ऐकू गेलं होतं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा या टेबलावरून गेलेला शब्द तिच्यापर्यंत पोचला होता. तो आणखी काही बोलणार तोच तिने खिडकी लावली आणि पुन्हा मेज ओढू लागली.

त्या रात्री त्याने सगळा विचार केला. उद्या हा तडा पुरता जाणार, म्हणजे उद्या लग्नाच्याही आधीचा एक दिवस येणार. आणि तो दिवस कुठला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घर व्हर्नाच्या वडिलांचं, एझ्रा रीगलांचं. त्यांच्याकडे बरणीभर जुनी चांदी आहे असं ऐकून, त्रेपन्नच्या एप्रिलमध्ये, सव्वीस वर्षांचा हार्लन सकाळी दहा वाजता ती बघायला आला होता. तीनदा दार वाजवलं. व्हर्नाने उघडलं, हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. त्याच्या टोपीकडे बघून ती जी हसायला लागली, ती वडील येईपर्यंत हसतच होती. सगळ्याची सुरुवात तिथे होती. नाण्यालाही त्याच्या आधी कुठे जायला जागा नव्हती. तो तिथे पोचेल, ती दार उघडून वळेल, टेबलाशी त्याला पाहील आणि त्याला जे म्हणायचं आहे ते तो म्हणेल. मग क्लेटनला नाणं देऊन टाकायचं.

कळत असूनही मनाची अशी समजूत घालता येते.

६

सकाळी त्याने दाढी केली, स्वच्छ सदरा घातला. उशीर नको म्हणून आठलाच मखमल अंथरली. खोलीत भिंतीचा कागद बदललेला होता, निळ्या फुलांचा, जुना. चुलीवर पाव भाजल्याचा वास होता. त्याने नाणं ठेवलं, भिंग लावलं. तडा नव्हता. तारा अखंड होता.

“बाबा, कॉफी नेऊ का गोठ्यात?”

आवाज खोलीतच होता.

त्याने भिंग काढलं. दारात व्हर्ना उभी होती. एकवीस वर्षांची, वेणी पाठीवर, हातांना नुकतंच पीठ लागलेलं. पहिल्यांदा तिने त्याला पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. एखादं अनोळखी माणूस बघावं तसं सभ्यपणे बघितलं तिने.

“बाबांकडे आलात का?” ती म्हणाली. “मला दाराचा आवाज नाही आला.”

त्याला बोलता येईना. आयुष्यभर ज्या तोंडाला मिटून राहायची सवय लावली, ते आता हवं तेव्हा उघडेना. तिची नजर मखमलीवर गेली, मग त्याच्या भिजलेल्या चेहऱ्यावर, मग बंद दारावर. ती एक पाऊल मागे सरकली.

“व्हर्ना,” तो म्हणाला.

“माझं नाव तुम्हाला कसं माहीत?”

“व्हर्ना, घाबरू नको. मी तुला ओ देत नव्हतो ना... मला ऐकू यायचं. प्रत्येक वेळी ऐकू यायचं गं.” तो उठू लागला, टेबल हललं, आणि ती भिंतीला टेकली. “बरं, मी बसतो. बसलो बघ. फक्त एक ऐक. आज दहा वाजता एक पोरगा येईल. टोपी घातलेला. त्याला दार उघड. काहीही झालं तरी उघड.”

ती पांढरीफटक पडली. “तुमच्यातलाच का तो?” तिने विचारलं.

“मीच तो,” हार्लन म्हणाला.

तिने किंकाळी फोडली नाही. पाठ न दाखवता ती बाहेरच्या खोलीत गेली, आणि त्याने समोरच्या दाराचा लोखंडी अडसर सरकल्याचा आवाज ऐकला. मग मागच्या दाराचा. मग जिन्यावरून वर पळणारी अनवाणी पावलं.

हार्लन जागचा हलला नाही. नाण्यावरून नजर काढली तर काय होईल, त्याला कळत नव्हतं. पावणेदहाच्या सुमाराला वरून तिचं दबलेलं रडणं येत होतं, आणि तिला घाबरवणारा आपण आहोत या विचाराने त्याचा जीव तुटत होता.

दहा वाजता खडीवर बूट वाजले.

तीन टकटक झाल्या. वरचं रडणं एकदम थांबलं.

“कुणी आहे का?” बाहेरून एक तरुण, खुशीतला आवाज आला. “मिस्टर रीगल? ते चांदीचं बघायला आलो होतो.”

हार्लन उठला. तो धावला असंच त्याला वाटलं, पण पाय नेतील तिथे दार येईना, खोल्या ओळखीच्या लागेनात. हे घर कुणाचं होतं, त्यात आपण कसे आलो, हे त्याला धडपणे सांगता आलं नसतं. दाराशी पोचून त्याने अडसराला हात घातला. लोखंड बर्फासारखं होतं आणि ते तसूभरही हललं नाही.

“नाही वाटतं कुणी,” बाहेरचा पोरगा स्वतःशीच म्हणाला. त्याने टोपी सारखी केली असावी. बूट खडीवरून परत गेले, शीळ घालत, फाटकापर्यंत, आणि मग रस्त्यावर.

वरच्या मजल्यावर कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. म्हाताऱ्याने जिन्याखाली येऊन मान वर केली. त्या कुणालातरी हाक मारायची होती, फार वर्षांपासून मारायची राहिली होती. त्याने तोंड उघडलं. नाव आठवेना.